झुरळ-गटाचे निमंत्रक

सुरुवातीलाच नाव घेऊन टाकतो, म्हणजे पुढे चिडून काही लिहिलं गेलं तर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. मला नाशकात ज्यांनी टिकवलं ते अमृतकर अण्णा. सिडकोत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, शटरवर माझं नाव आहे, खिशात संघटनेचं कार्ड आहे, हे सगळं त्या एका माणसामुळे. एवढं मान्य करून आता सांगतो, की या माणसाने मला जेवढा वैताग दिला तेवढा पावसात भिजलेल्या टीव्हीनेही कधी दिला नाही.

अण्णांना गट काढायचा नाद होता. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला तंबाखूचा. अण्णांना गटाचा.

आमची जिल्ह्यातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांची संघटना होती. तिच्या घटनेत एक कलम होतं : समान आवड असलेल्या कोणत्याही पाच सभासदांनी सह्या करून अर्ज दिला, की त्यांचा गट स्थापन झाला. गटाला एक निमंत्रक, महिन्यातून एकदा तासभर हॉल आणि संघटनेच्या खर्चाने चहा. घटना लिहायला अण्णाच बसले होते आणि बाकीच्यांनी ती न वाचता मंजूर केली होती. रिपेअरिंगवाला माणूस असाच. डायग्राम वाचायचा त्याला कंटाळा, आधी उघडून बघू म्हणतो. या कलमाने काय घात होणार आहे ते कळेपर्यंत उशीर झाला होता.

दोन माणसं कुठे एकाच विषयावर बोलताना दिसली, की अण्णा मध्ये जाऊन उभे राहत. मूळचे ते सटाण्याचे. एरवी बोलणं चारचौघांसारखं, पण उत्साह आला की अहिराणी बाहेर पडायची. डोळे बारीक करून, शर्टाच्या खिशातलं पेन काढून ते म्हणत, "मग? काढसूत का गट?" म्हणजे, काढू या का गट? हे वाक्य आजही कुठे कानावर पडलं तर मी आधी मागचा दरवाजा कुठे आहे ते बघतो.

मी किनवटकडचा. नांदेडच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. सातवीनंतर शाळा सुटली, कारण गावातली शाळाच सातवीला संपत होती. तालुक्याला एका दुकानात हात काळे करून काम शिकलो आणि नव्वदच्या सुरुवातीला नाशकात येऊन मूळ मालेगावच्या सलीमभाईंच्या दुकानात कामाला लागलो. मला सगळ्याची भीती वाटायची. गिऱ्हाइकाची, पोलिसाची, रस्ता ओलांडायची. सगळ्यात जास्त भीती कुणी "शिक्षण किती?" विचारेल याची.

स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं तेव्हा सलीमभाई म्हणाले, "पहले कार्ड बना ले. कार्ड नसलं तर मेन रोडवर कोणी पार्ट नाही देत." ते मला अण्णांकडे घेऊन गेले. अण्णांचं दुकान भद्रकालीतल्या एका बोळात होतं. अण्णा एका रेडिओत डोकं घालून बसले होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "शाळा?"

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "सातवी."

"आवड?"

"कामाची आहे."

"बस झालं. सही येते ना?"

मी चार कागदांवर सह्या केल्या. दुकानावर परत आल्यावर सलीमभाईंनी सांगितलं, त्यातला एक सभासदत्वाचा होता. उरलेले तीन गटांचे.

तेव्हापासून मी अण्णांची पाचवी सही झालो. ट्रान्झिस्टर-गट, रिमोट-गट, स्पीकरचा कागद फाटतो त्याचा एक गट. कॉलनीत घराघरात केबल आली आणि लोक गच्चीवरचे अँटेना भंगारात द्यायला लागले, त्याच महिन्यात अण्णांनी अँटेना-गट काढला. मी म्हटलं, "अण्णा, आता अँटेना राहिलाय कुठे?" तर म्हणाले, "म्हणूनच ना भो. चालू गोष्टीला गट कशाला लागतो? ती चालूच असते."

बाकीचे चार म्हणजे स्वतः अण्णा, सलीमभाई आणि नाशिकरोडचे बोराडे बंधू. या दोघा भावांचं एकच दुकान, मधून लाकडी फळी घालून दोन केलेलं, आणि दोघांची बोलचाल बंद. फक्त सभेत बोलत. थोरला उभा राहून म्हणे, "निमंत्रक महाशय, माझ्या डावीकडच्या सभासदाला विचारावं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?" धाकटा उभा राहून म्हणे, "निमंत्रक महाशय, उजवीकडच्यांना कळवावं, बुधवारी." अण्णा गंभीरपणे दोन्हीकडे मान हलवत आणि इतिवृत्तात लिहून घेत. रिमोट-गटाच्या सभेत.

सगळ्या गटांत तीच पाच डोकी, त्यामुळे सभा एकाच दिवशी लागोपाठ ठेवत. इथपर्यंत ठीक. पण अण्णांचा नियम असा, की एक गट उठल्याशिवाय दुसरा बसत नाही. ट्रान्झिस्टर-गटाची सभा संपली की पाचही जणांनी उठायचं, चपला घालायच्या, दोन जिने उतरून रस्त्यावर यायचं, आणि रिमोट-गट म्हणून पुन्हा वर चढायचं. मी एकदा हॉलमध्येच बसून राहिलो. अण्णा दारात थांबले. "आपण कोण?"

"मी दिगंबर."

"कोणत्या गटाचे?"

"आत्ता होतो त्या."

"त्या गटाची सभा संपली. बाहेरचा माणूस हॉलमध्ये बसलाय, आम्ही सभा कशी सुरू करणार?"

मी निमूट खाली जाऊन वर आलो. हॉल भद्रकालीतच, अण्णांच्या बोळात. जिना लाकडी, अरुंद, खाली धान्याचं दुकान, त्यामुळे वर जाईपर्यंत शिंका. सलीमभाई कठडा धरून एकेक पायरी चढत आणि प्रत्येक वेळी ओरडत, "अण्णा! गट नया है, गुडघा वही पुराना है!"

"गुडघ्याचा गट काढसूत का?"

"तोबा, तोबा!"

पत्रव्यवहाराची तर गोष्टच वेगळी. अँटेना-गटाला आणि रिमोट-गटाला हॉलची एकच वेळ हवी होती. दोन्हीचे निमंत्रक अण्णाच. त्यांनी एका गटाकडून दुसऱ्याला पत्र लिहिलं. दुसऱ्याकडून उत्तर दिलं. ते उत्तर मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज चढला. म्हणाले, "बघ, भाषा बघ रिमोट-गटाची! किती उर्मट!" मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच लिहिलंय." तर म्हणाले, "मी निमंत्रक म्हणून लिहिलं. निमंत्रकाला गटाची बाजू मांडावीच लागते." आणि खरंच आठवडाभर ते रिमोट-गटावर रुसून होते.

झुरळ-गट त्यातला सगळ्यात नामांकित. टीव्हीच्या आत ऊब असते, त्यामुळे झुरळं येतात, वायरी खातात, कधी शॉर्ट होऊन मरतात. हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे आणि कुणीही त्याचा विचार करत नाही. अण्णा करत. पहिल्या सभेला ते काडेपेटीत दोन झुरळं घेऊन आले. एक हॉटेलच्या सेटमधलं, एक घरगुती. फरक दाखवायला त्यांनी पेटी उघडली आणि दोन्ही पळाली. बोराडे थोरले खुर्चीवर चढले, धाकटे टेबलावर, सलीमभाई गुडघा विसरून दाराबाहेर. अण्णा ओरडत होते, "घाबरू नका! चर्चेचा विषय आहे तो!" मी ज्या दिवशी हे बघत होतो, त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. माझ्या बंद दुकानासमोर तीन गिऱ्हाइकं बिघडलेले सेट घेऊन उभी होती आणि शेवटी दुसरीकडे गेली. संध्याकाळी शेजारच्या पानवाल्याने ते सांगितलं तेव्हा मी शटरला डोकं टेकून उभा राहिलो. नाही म्हणायची मात्र हिंमत झाली नाही. ज्यांनी कार्ड दिलं त्यांना नाही कसं म्हणायचं?

मग दोन हजार सालानंतर दिवस बदलले. कंपन्यांनी स्वतःची सर्व्हिस सेंटरं काढली. संघटनेत डिप्लोमावाली नवी मुलं आली, गायधनी साहेब अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना 'दर्जा' हा शब्द फार आवडे. त्यांनी ठराव मांडायचं ठरवलं : पुढच्या वर्षापासून कार्ड फक्त दहावी पास सभासदांना. ठराव वार्षिक सभेत येणार होता.

माझी झोप उडाली. कार्ड नाही म्हणजे पार्ट नाही. पार्ट नाही म्हणजे दुकान नाही. दुकान नाही म्हणजे किनवट, आणि किनवटला जाऊन काय सांगणार? तिकडे आईने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं की आमचा दिगू नाशकात इंजिनिअर आहे.

मी अण्णांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन काढलं.

"मग? काढसूत का गट?"

त्या क्षणी मला त्यांच्या हातातलं पेन हिसकावून गटारात टाकावंसं वाटलं. माणूस बुडतोय आणि हे गट काढताहेत! पण अण्णांनी गटाचं नावसुद्धा लिहून टाकलं होतं : 'शाळा लवकर सुटलेल्यांचा गट'. म्हणाले, "पाच सह्या पाहिजेत. तुझी एक. चल."

आम्ही दिवसभर दुकानं फिरलो. आमच्यात निम्म्याहून जास्त लोक दहावीच्या अलीकडचे, हे मी हातावरून ओळखत होतो. पण सही करायची म्हणजे ते कबूल करायचं. पंचवटीतला एक म्हणाला, "मी? मी दहावी आहे. म्हणजे जवळजवळ." दुसरा म्हणाला, "सर्टिफिकेट गावी आहे, उंदरांनी खाल्लं." एकाने तर आम्हाला बघून आतून शटर ओढलं. सलीमभाई, ज्यांनी मला सगळं शिकवलं, ते मान खाली घालून म्हणाले, "दिगू, बेटा, दुकानावर माझा जावई बसतो. त्याच्या समोर कसं?" त्यांच्यावर रागवायचं मला सुचलं नाही. मीही गावी इंजिनिअरच होतो ना.

संध्याकाळी अण्णांच्या दुकानात येऊन बसलो. कागदावर माझी एकट्याची सही. ती बघून मला जास्तच भीती वाटायला लागली. आता तर लेखी झालं होतं.

अण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग एकदम म्हणाले, "झुरळ-गटात सही केलीस, तेव्हा तू झुरळ होतास का?"

"काय?"

"होतास का झुरळ?"

"नव्हतो."

"मग? घटनेत काय लिहिलंय? समान आवड. आवड पाहिजे भो, आवड! आपण स्वतः ते असायला पाहिजे असं कुठं आहे?"

त्यांनी कागद फाडला, नवा घेतला आणि नाव लिहिलं : 'लवकर शाळा सुटण्याच्या विषयात आवड असलेल्यांचा गट'.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच दुकानं. अण्णा गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगत, "तुमचं शिक्षण कोणी विचारत नाही. ते तुमच्यापाशी. फक्त सांगा, या विषयाची आवड आहे का?"

पंचवटीवाल्याने विचार केला. "आवड तर आहे," तो म्हणाला. "अभ्यासाचा विषय आहे." आणि सही केली. उंदीरवाल्याने केली. शटर ओढणाऱ्याने शटर वर केलं. बोराड्यांच्या दुकानात थोरल्याने सही केली आणि सभा नसताना, निमंत्रकाला मध्ये न घालता, फळीवरून धाकट्याला हाक मारली, "ए बाळ्या, इकडे ये, तुझ्या आवडीचं आहे!" सलीमभाईंनी जावयासमोर ऐटीत चष्मा लावला. "लाओ. हमको तो चौथीच से आवड है."

दुपारपर्यंत कागद पुरेना, मागच्या बाजूलाही सह्या गेल्या.

वार्षिक सभेच्या दिवशी हॉल भरला होता. गायधनी साहेबांनी ठराव वाचला, दर्जावर बोलले. नव्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा उभे राहिले. मला वाटलं आता भाषण करणार, घटना काढणार, आणि सगळं बुडवणार. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "अध्यक्ष महाशय, माझ्या गटाची सभा आत्ताच संपली. नियमाप्रमाणे गटाने खाली जाऊन वर यायला पाहिजे. गटाच्या सभासदांनी चपला घालाव्यात."

आधी कोणी हललं नाही. मग सलीमभाई गुडघ्यावर हात ठेवून उठले. बोराडे उठले. मग पंचवटी उठली, सातपूर उठलं, देवळाली उठली. खुर्च्या सरकल्याचा आवाज थांबेचना. जिन्यात एवढी गर्दी झाली, की धान्याचा दुकानदार आग लागली समजून बाहेर आला. मी रस्त्यावरून वर खिडकीकडे बघितलं. खिडकीत गायधनी साहेब उभे होते, आणि त्यांच्या मागे, अख्ख्या हॉलमध्ये, आठ-दहा मुलं इकडेतिकडे बसलेली. साहेबांनी मागे हॉलकडे बघितलं, पुन्हा खाली आमच्याकडे बघितलं. मग खिडकीतून हात करून म्हणाले, "अहो अण्णा, या वर. ठराव पुढे ढकलू."

तो पुढेच गेला, परत कधी आला नाही. वर चढताना मी अण्णांना हळूच विचारलं, "अण्णा, तुमची शाळा किती?"

"मला विषयाची आवड आहे," अण्णा म्हणाले आणि धान्याच्या धुळीने शिंकले. आजपर्यंत मला माहीत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण अण्णा त्या यशाने असे काही पेटले, की दिवाळीच्या आत आणखी गट निघाले आणि सगळ्यांचा सहनिमंत्रक मी. माझा जीव नकोसा झाला. शेवटी ठरवलं, कार्ड वाचलं, उपकार डोक्यावर आहेत, पण या गटांतून मोकळं व्हायचं. तोंडावर सांगायचं. त्या वर्षी दिवाळीच्या कामाच्या गर्दीत मला गावी जायला गाडी मिळाली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी दुकान आवरलं आणि भद्रकालीत गेलो. अण्णांचं दुकान बंद. धान्यवाला म्हणाला, "वर आहेत. सभा आहे."

लक्ष्मीपूजनाला सभा! मी दात-ओठ खात जिना चढलो.

फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'दिवाळीत गावी न गेलेल्या सभासदांचा गट. सर्वांनी उपस्थित राहावे.' खाली पाच खुर्च्या गोल मांडलेल्या. एकीवर अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. टेबलावर थर्मास, दुकानातून आणलेला चिवडा आणि पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये बेसनाचे लाडू.

मला बघून ते अर्धवट उठले. मग भानावर येऊन निमंत्रकासारखे बसले. "बैस. कोरम पाच. आपण दोन. सभा तहकूब."

"मग जाऊ का मी?"

"जातो कुठं? तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते. तिला कोरम लागत नाही. घटनेत आहे."

मी बसलो. लाडवाकडे हात नेला तर म्हणाले, "सभा सुरू झाल्यावर." खाली कुणीतरी लवंगी माळ लावली. धान्याच्या दुकानात पूजेची गडबड चालली होती, उदबत्तीचा वास वर येत होता. अण्णांनी विचारलं, तुझी आई काय काय करते दिवाळीला. मी सांगितलं, अनारसे, आणि अंगाला लावायला घरीच वाटलेलं उटणं. "कोण लावून देतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईच. अजून. मोठा झालो तरी. अण्णा हसले.

मग मीच विचारलं, "अण्णा, सटाणा तर जवळ. एसटीने दोन-अडीच तास."

अण्णांनी थर्मासचं झाकण उगीच घट्ट केलं. "रस्ता शे," ते म्हणाले. "घर नही."

अमृतकर वहिनी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, भाऊ वाटण्या करून वेगळे झाले होते, एवढं मी सलीमभाईंकडून कधीतरी ऐकलं होतं. ऐकून विसरलो होतो.

"ही सभा दरवर्षी असते?"

"दरवर्षी."

"येतं कोण?"

"तहकूब होते," अण्णा म्हणाले. "मग मी भरवतो."

अर्धा तास झाला. अण्णांनी घसा साफ केला आणि सभेच्या आवाजात म्हणाले, "तहकूब सभा सुरू झाली आहे. विषय पहिला, फराळ." आम्ही लाडू खाल्ला. चहा घेतला. लाडू कालचा होता, तुपाचा वास लागत नव्हता. मी जे सांगायला आलो होतो ते माझ्या तोंडातून निघालं नाही, आणि मग निघणार नाही हेही कळलं. शेवटी अण्णा म्हणाले, "विषय शेवटचा, आभार. दिगंबरने मानावेत."

मी उभा राहिलो. सभेत बोलायची मला सवय नाही. नाशकात पाऊल टाकल्यापासूनचं सगळं एकदम आठवलं आणि सुरुवात कुठून करायची ते कळेना. खुर्चीची पाठ धरून नुसता उभा राहिलो.

अण्णांनी मान हलवली. "मंजूर," ते म्हणाले, आणि कप गोळा करायला लागले.

अण्णा आता थकले आहेत. सभा कमी झाल्यात, जिना त्यांनाही चढवत नाही. परवा दुकानात येऊन म्हणाले, फ्लॅट टीव्ही आले, आता जाड टीव्हीचा गट काढायला पाहिजे. मी न वाचता सही केली. पण या माणसाचं माझ्यावर जे आहे ते सह्यांनी फिटणारं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. एका दिवाळीला मी अण्णांना किनवटला घेऊन जाणार आहे. लांबचा प्रवास आहे, ते वाटेत डब्यातल्या माणसांचा गट काढतील, मी चिडेन, ते चालेल. आईशी माझं बोलणं झालंय. ती म्हणाली, घेऊन ये, दोन पाट मांडते, आधी त्यांना उटणं लावते, मग तुला.